संघ कोणाचा?

फुटबॉलच्या संघांत अकरा गडी असतात; परंतु संघाचें आयुष्य केवळ त्या अकरांच्या कौशल्यावर ठरत नाहीं. त्यांच्या मागें कोणी तरी पोशिंदा असतो, आणि तो हात आंखडता घेतो त्या दिवशीं विजयी संघहि मोडतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेड या संघाची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

मुंबईंत हा खेळ इंग्रज पलटणींनीं रुजविला. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचा पहिला मान वूस्टरशायर पलटणीनें मिळविला. हिंदी संघाच्या हातीं तो चषक येण्यास १९३७ साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं तो बंगलोर मुस्लिम्स या संघानें जिंकला. पुढें पलटणी गेल्या, पण संघांना पोशिंदा हवाच होता. ती जागा गिरण्यांनीं आणि कारखान्यांनीं घेतली. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ मैदानावर उतरले. खेळाडूस नोकरी मिळे, पगाराची शाश्वती असे आणि खेळण्याची सवलतहि मिळे. सामान्य घरच्या होतकरू मुलास याहून चांगला आश्रय दुसरा नव्हता.

१९४५ सालीं स्थापन झालेली महिंद्र कंपनी जीपगाड्यांमुळें नांवारूपास आली. नाशिककरांस ती सातपूरच्या मोटार-कारखान्यामुळें परिचित आहे. तिनें १९६२ सालीं फुटबॉलचा संघ उभारला. या संघानें १९९८, २००१ आणि २००८ सालीं ड्युरँड चषक, तर २००३ व २००५ सालीं फेडरेशन चषक जिंकला. २००५-०६ च्या हंगामांत डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यानें राष्ट्रीय लीगचें अजिंक्यपद पटकाविलें. १९९६ पासून २००७ पर्यंत चाललेल्या त्या लीगच्या अकरा हंगामांत हा मान मिळविणारा मुंबईचा तो एकच संघ होय. २००७ सालीं तो आशियाई संघटनेच्या चषकस्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोंचला. असा संघ कंपनीनें २०१० सालीं हंगामाच्या अखेरीस बंद केला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचें, असें कंपनीचें म्हणणें होतें. हेतु वाईट नव्हता, आणि ज्यानें संघ उभारला त्यास तो मोडण्याचा अधिकारहि होताच. कूपरेज मैदानावर टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांचा मात्र त्या निर्णयांत कोठेंच संबंध नव्हता.

जपानमध्येंहि आरंभ असाच झाला होता. १९६५ सालीं तेथील पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हां तिच्यांतील आठहि संघ मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा अशा कंपन्यांचे होते. १९९३ सालीं दहा क्लबांची नवी व्यवसायी लीग निघाली. क्लबाच्या नांवांत कंपनी नको, गांव हवें, असा दंडक तिनें घातला. मित्सुबिशीचा संघ उरावा नगराचा झाला, निस्सानचा योकोहामाचा झाला.

परंतु पाटी बदलली म्हणजे धनी बदलतोच असें नाहीं. योकोहामांतच फ्ल्यूगल्स नांवाचा दुसरा क्लब होता. त्याचा भार एक विमानकंपनी आणि एक बांधकाम-कंपनी वाहत असत. १९९८ सालीं बांधकाम-कंपनीनें अंग काढून घेतलें, आणि त्याच शहरांतील मारिनोस या प्रतिस्पर्धी संघांत फ्ल्यूगल्सचें विलीनीकरण करण्याचें ठरलें. खेळाडू मैदानावर झुंजत राहिले. १९९९ च्या १ जानेवारीस त्यांनीं सम्राट-चषकाचा अंतिम सामना जिंकला, आणि तोच त्या क्लबाचा शेवटचा सामना ठरला. मारिनोसच्या नांवापुढें एक 'एफ' हें अक्षर तेवढें त्याची आठवण म्हणून उरलें.

मुंबईची आणि योकोहामाची वाट येथें निराळी होते. फ्ल्यूगल्सच्या चाहत्यांस तें अक्षर पुरेसें वाटलें नाहीं. त्यांनीं वर्गणी गोळा केली आणि १९९९ सालींच योकोहामा एफसी हा स्वतःचा क्लब स्थापन केला. खालच्या श्रेणीपासून चढत चढत तो २००७ सालीं वरिष्ठ लीगमध्यें दाखल झाला. या वाटचालींत त्यासहि उद्योगपतींचा आधार घ्यावा लागलाच. केवळ वर्गणीवर व्यवसायी संघ चालत नाहीं. मुंबईंत २०१४ सालीं नव्या लीगसाठीं मुंबई सिटी हा क्लब निघाला. तोहि धनिकांनींच उभारला. महिंद्रचा वारसा सांगणारा दुसरा क्लब मात्र उभा राहिला नाहीं.

यांत कंपन्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पैसा घातला नसता, तर महिंद्रचे विजयहि घडले नसते. परंतु कारखान्याच्या हिशेबांत खेळ हें खर्चाचें एक कलम असतें, आणि कलम केव्हांहि खोडतां येतें. ज्या संघास आपला म्हणणारे लोक वर्गणी देतात, सभासद होतात आणि कारभारांत बोलतात, त्याला पोशिंदा गेल्यावरहि पुन्हा उभें राहण्यास जागा असते. योकोहामाच्या लोकांनीं ती जागा राखली. महाराष्ट्रांतील क्रीडारसिकांनीं टाळ्यांच्या पलीकडे जाऊन तिचा विचार करणें अगत्याचें आहे.