ग्रामेतिहास आणि ग्रामस्मृती

ग्रामेतिहास म्हणजे एखाद्या गावाची वस्ती, शेतजमीन, पाणी, व्यवसाय, देवस्थाने आणि माणसे यांचा कालानुक्रमे सांगितलेला वृत्तान्त होय. गावातील माणसांनी स्वतःच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या अनुभवावरून सांगितलेल्या आठवणींना ग्रामस्मृती म्हणतात. ग्रामेतिहास कागदपत्रे व स्मृती या दोन्ही साधनांवर उभा राहतो. महाराष्ट्रातील गावांची कागदपत्रे मुख्यतः महसुलासाठी निर्माण झाली. त्यामुळे जमीनधारकांची नोंद सविस्तर आढळते. भूमिहीन, स्त्रिया, बलुतेदार आणि भटके यांची नोंद मात्र त्रोटक राहते. ही उणीव बऱ्याच अंशी ग्रामस्मृतीने भरून निघते.

पूर्वपरंपरा

मराठीत स्थळवर्णनाची परंपरा जुनी आहे. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामींचा संचार झालेल्या गावांतील स्थाने दिशांसह सांगितली आहेत. कोणते देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला होते, याचे असे तपशील मध्ययुगीन वसाहतींच्या अभ्यासाला उपयोगी पडतात. ब्रिटिश काळात जिल्हावार गॅझेटियर तयार झाली. यवतमाळ जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रमुख गावांची माहिती मिळते. परंतु ती शासनाच्या गरजेनुसार निवडलेली असते.

दफ्तरातील गाव

गावाच्या इतिहासासाठी पुढील साधने विशेष महत्त्वाची आहेत.

सातबारा व फेरफार : गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क आणि बारामध्ये पिके नोंदली जातात. वारस, खरेदी, वाटणी यांमुळे होणारे बदल फेरफार नोंदवहीत येतात.

कोतवाल नोंदवही : जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदींना विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणतात. पूर्वजांचा जातिउल्लेख सिद्ध करण्यासाठी तिची नक्कल आजही मागितली जाते.

मोडी कागदपत्रे : वतन, इनाम, देवस्थान आणि देणीघेणी यांसंबंधीचे अनेक जुने कागद मोडी लिपीत आहेत. ते वाचू शकणारे आता मोजकेच राहिले आहेत.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर : विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, पालकाचा व्यवसाय आणि शाळा सोडण्याचे कारण यांची नोंद त्यात सापडते.

या नोंदी केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा दुर्लक्षित दफ्तरांना एकाएकी मोल आले. ज्या गावाचे दप्तर वाळवीने खाल्ले किंवा पुरात गेले, तेथील कुटुंबांना हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

कागदालाही मर्यादा असतात. एखाद्या विवाहित बहिणीने वडिलोपार्जित शेतातील वाटा सोडल्यास ‘हक्कसोड’ म्हणून त्याची नोंद होते. तो वाटा तिने राजीखुशीने सोडला की माहेर तुटू नये म्हणून सोडला, हे नोंदीवरून समजत नाही. ते तीच सांगू शकते.

आठवणींतील गाव

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यात नोकरीस होते. वतनदार, कुणबी, अलुते-बलुते आणि फिरस्ते यांच्या परस्परसंबंधांचे बारीक निरीक्षण या ग्रंथात आहे. मात्र ही दृष्टी गावाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या पुस्तकाने साध्या खेडूतांना व्यक्तिचित्रणाच्या केंद्रस्थानी आणले.

वेशीबाहेरील माणसाने स्वतः सांगितलेले गाव मराठी वाचकासमोर ठळकपणे आले ते दलित आत्मकथनांतून. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. कारभाराच्या भाषेत बलुते म्हणजे सेवेच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. तोच वाटा मागण्यासाठी खळ्यावर उभे राहावे लागणाऱ्याच्या आठवणीत या शब्दाचा अर्थ बदलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले होते. ते का मांडावे लागले, हे अशा आत्मकथनांमुळे अधिक स्पष्ट होते.

इंग्लंडमधील परंपरा

इंग्लंडमध्ये १५३८ सालापासून प्रत्येक परगण्याच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश होता. त्यामुळे तेथे भूमिहीन मजुराच्या घराण्याचाही माग काढता येतो. गिल्बर्ट व्हाइट यांनी सेलबोर्न या गावाच्या निसर्गाचा व प्राचीन अवशेषांचा वृत्तान्त १७८९ साली प्रसिद्ध केला. फ्लोरा थॉम्पसन यांच्या ‘लार्क राइज’ (१९३९) या पुस्तकात ऑक्सफर्डशायरमधील शेतमजुरांच्या वस्तीतील बालपण आहे. रोनाल्ड ब्लाइथ यांनी ‘एकनफील्ड’ (१९६९) मध्ये सफकमधील ग्रामस्थांच्या मुलाखतींवर आधारित कथने दिली; पुस्तकातील गावाचे नाव काल्पनिक आहे.

उमरखेड परिसर

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका पैनगंगेच्या काठी आहे. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे गेला; नदीपलीकडील हदगावचा भाग मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे सोयरिकी दोन्ही तीरांवर असल्या तरी दफ्तरे वेगळी झाली. अलीकडच्या कचेऱ्यांत मराठी व इंग्रजी, तर पलीकडच्या वरिष्ठ कचेऱ्यांत उर्दू चाले. पुढे १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि उमरखेडचा समावेश असलेला पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. म्हणून या भागातील घराण्याचा शोध घेताना एकाहून अधिक जिल्ह्यांची दफ्तरे पाहावी लागतात.

या परिसरात बंजारा, आंध व गोंड समाजांची मोठी वस्ती आहे. अनेक तांडे जवळच्या महसुली गावाच्या नावाखाली नोंदले गेल्याने त्यांचा स्वतंत्र इतिहास कागदावर क्वचित दिसतो. तो गोरमाटी बोलीतील गीतांत आणि वृद्धांच्या सांगण्यात टिकून आहे. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या जलाशयात ज्यांची गावठाणे गेली, त्यांच्या बाबतीतही जुन्या वाटा, पाणवठे व देवस्थाने यांची माहिती मुख्यतः स्मृतीतूनच मिळते.

संकलन व पडताळणी

वृद्ध निवेदक बहुधा इसवी सन सांगत नाहीत; ते घटनेवरून काळ सांगतात. अशा खुणांचे वर्ष ठाऊक असल्यास कालनिश्चिती करता येते. उदाहरणार्थ, ‘छपन्याचा दुष्काळ’ म्हणजे १८९९-१९००, ‘मानमोडीची साथ’ म्हणजे १९१८, पुसदचा जंगल सत्याग्रह म्हणजे १९३०, ‘रझाकारांचे दिवस’ म्हणजे १९४७-४८ आणि सुकडी वाटली गेली तो मोठा दुष्काळ म्हणजे १९७२.

प्रश्न साधे व नेमके असावेत. पाणी कोणत्या विहिरीवरून आणत आणि तेथे कोणाला मज्जाव होता, सालदाराचे साल कोणत्या सणाला सुरू होई, पोळ्यात पहिला मान कोणाच्या बैलांचा असे, अशा प्रश्नांतून गावाची रचना उलगडते. एकाच घटनेविषयी वाड्यातील, बलुतेदाराच्या घरातील आणि वेशीबाहेरील वस्तीतील माणसाला स्वतंत्रपणे विचारावे. त्यांच्या सांगण्यात विसंगती आढळल्यास एकच कथन खरे मानून बाकीची गाळू नयेत. सर्व कथने निवेदकाचे अंदाजे वय, वस्ती आणि मुलाखतीची तारीख यांसह नोंदवावीत. बोलीतील शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत. निवेदकाची संमती आवश्यक असते.

दप्तर जीर्ण झाले तरी त्याची प्रत अन्य कचेरीत सापडण्याची शक्यता असते. निवेदकाच्या आठवणींची दुसरी प्रत नसते. म्हणून संकलनात वयोवृद्धांच्या मुलाखतींना अग्रक्रम देणे इष्ट ठरते.