जनरल थोरात आणि न मानलेला इशारा

जिंकलेली लढाई इतिहासाच्या सहज लक्षांत राहते. परंतु पुढें येणारी लढाई कोठें व कशी द्यावी, हें आधींच सांगून ठेवणाऱ्या सेनापतीचें नांव बहुधा मागें पडतें. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्रांत हे दोन्ही प्रसंग आहेत, आणि त्यांतील दुसराच अधिक विचार करावयास लावणारा आहे.

थोरातांचा जन्म १९०६ सालीं कोल्हापूर संस्थानांतील वडगांव येथें झाला. सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत शिकून १९२६ सालीं ते अधिकारी झाले. हिंदी अधिकाऱ्याच्या हातीं पलटण सुरक्षित राहील काय, ही शंका त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या मनांतून कधींच गेली नव्हती. तिचें उत्तर १९४५ च्या जानेवारींत ब्रह्मदेशांत, आराकानच्या किनाऱ्यालगत कांगॉ येथें मिळालें. जपानी सैन्याची माघारीची वाट अडविण्यास गेलेल्या फौजेंत ५१ वी ब्रिगेड होती, आणि तिच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. थोरातांच्या पंजाब पलटणीनें निकराच्या हल्ल्यांत 'मेलरोज' हें सांकेतिक नांव दिलेली टेकडी काबीज केली. तिन्ही नायकांस 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हा बहुमान मिळाला.

यापुढील कसोटी शस्त्र आवरून धरण्याची होती. १९५३ सालीं कोरियांत युद्धविराम झाला, तेव्हां मायदेशीं परत जाण्यास नकार देणारे बावीस हजारांवर चिनी व कोरियन कैदी भारतीय रक्षक दलाच्या हवालीं करण्यांत आले. या दलाचे प्रमुख थोरात होते. एकदां कैद्यांनीं एका भारतीय अधिकाऱ्यास पकडून आपल्या गोटांत अडकवून ठेवलें. गोळीबार केला असता तर त्या अधिकाऱ्याचा प्राण गेला असता, आणि भारताच्या तटस्थतेलाही डाग लागला असता. थोरात मोजक्या सोबत्यांसह स्वतः त्या जमावांत शिरले आणि त्यांनीं त्याची सुटका करून घेतली.

१९५७ सालीं ते पूर्व विभागाचे सरसेनापति झाले. या विभागाचें मुख्य ठाणें त्या वेळीं लखनौ येथें होतें. ऑगस्ट १९५९ मध्यें लाँगजू येथें चिनी सैन्याशीं चकमक झाली आणि ईशान्य सरहद्दीचें संरक्षण लष्कराकडे आलें. थोरातांनीं तिचा आढावा घेऊन योजना आंखली. तिच्या मुळाशीं साधा व्यवहारी हिशेब होता. तिबेटच्या पठारावरून चिनी रस्ते सरहद्दीपर्यंत येऊन भिडत होते; अलीकडे मात्र उभे कडे, दाट अरण्यें आणि पायवाटा. म्हणून सरहद्दीवरील चौक्यांनीं केवळ पहारा करावा व इशारा द्यावा. खरी लढाई बऱ्याच आंत, जेथें शत्रूची रसद लांबेल आणि आपली जवळ येईल अशा जागीं द्यावी. मार्च १९६० मध्यें लखनौ येथें 'लाल किला' या नांवानें झालेल्या युद्धाभ्यासांत थोरातांनीं दाखवून दिलें कीं, हातीं असलेल्या बळानें चीनचें मोठें आक्रमण थोपवितां येणार नाहीं.

हा इशारा मानला गेला नाहीं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या दृष्टीनें मुख्य धोका पाकिस्तानचा होता. शिवाय पैसा अपुरा होता, आणि सरहद्दीवरील एक तसूही भूमि सोडूं नये असा लोकमताचा रेटा होता. अशा वेळीं मागें राहून लढण्याची योजना पुढाऱ्यांस रुचणें कठीणच होतें. मे १९६१ मध्यें सरसेनाध्यक्ष थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागीं थोरातांना नेमावें, अशी त्यांची शिफारस होती. परंतु नेमणूक जनरल थापर यांची झाली, आणि थोरातही त्याच महिन्यांत निवृत्त झाले. त्यानंतर सरकारचें धोरण उलट दिशेस गेलें : चौक्या अधिकाधिक पुढें सरकविण्यांत आल्या.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चिनी सैन्य नामका चू नदीवरील तुकड्यांवर तुटून पडलें. थंडीचे कपडे, तोफा, दारूगोळा, सर्वांचीच तेथें टंचाई होती. महिन्याभरांत तवांग आणि बोमडिला हातचीं गेलीं. जवानांचें शौर्य उणें पडलें नाहीं. उणा पडला तो पुरवठा, आणि लढाईची जागाही शत्रूच्या सोयीची ठरली. आपला इशारा वेळींच वर कां पोंचला नाहीं, असें पंडित नेहरूंनीं पुढें विचारल्याचें थोरातांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

थोरात १९९२ सालीं निवर्तले. कांगॉची टेकडी त्यांच्या शौर्याची साक्ष देते. पण राज्यकर्त्यांस अप्रिय सत्य आंकड्यांनिशीं सांगणें हेंही सेनापतीचें कर्तव्यच आहे. तें त्यांनीं चोख बजावलें. लोकशाहींत अखेरचा निर्णय मंत्र्यांचाच असावयास हवा, याविषयीं वाद नाहीं. मात्र सल्ला न ऐकतां घेतलेल्या निर्णयाची किंमत सरहद्दीवरील शिपायाला द्यावी लागते, एवढें १९६२ च्या त्या हिवाळ्यानें शिकविलें.