दर्याई नारळ : न पाहिलेल्या झाडाचे नाव

आमच्या नांदगाव खंडेश्वरला समुद्र कुठून असणार? तरीही लहानपणी दारी येणाऱ्या फकिराच्या हातातील काळ्याभोर, होडीसारख्या पात्राला वडीलधारी माणसे ‘दर्याई नारळ’ म्हणत. ते एका फळाचे अर्धे कवच आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले. फारसीत या पात्राला ‘कश्कूल’ म्हणतात. वऱ्हाडात वस्तू आली, नाव आले. झाड कधीच आले नाही.

झाडाआधी नाव पोचण्याची ही कथा तशी जुनी. कित्येक शतके ही जोडफळे मालदीवच्या किनाऱ्याला लागत. झाड कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून ते समुद्रतळाशी वाढते असा समज रूढ झाला. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या ग्रंथात या नारळाची चर्चा केली आहे. मालदीव पूर्वी मुख्य भूमीचा भाग होते, ती भूमी बुडाली आणि माड गाडले गेले, ही लोकवार्ता त्याने नोंदवली. विषावरचा उतारा म्हणून असलेली या फळाची ख्यातीही. आपल्याकडील ‘जहरी नारळ’ हे नाव याच समजुतीतून आले असावे.

१७६८ मध्ये फ्रेंचांना सेशेल्समधील प्रास्लिन बेटावर प्रत्यक्ष झाड दिसले. हा सदाहरित वृक्ष निसर्गतः तेथे व शेजारच्या क्युरियूज बेटावरच आढळतो. शास्त्रीय नावात मात्र ‘माल्दिविका’ आजही कायम आहे. (जुनी चूक जपून ठेवण्याचा मान केवळ भाषेकडेच नाही तर!) याहून विलक्षण गोष्ट अशी की, ताजे, सजीव फळ पाण्यात बुडते; तरंगते ते आतून कुजून पोकळ झालेले. म्हणजे दूरच्या किनाऱ्यांना लागलेली फळे मेलेलीच होती. ओर्ताच्या काळी कोणी ती हौसेने पुरली असती, तरी काही उगवले नसते.

सजीव बी मिळाले, तरी ते रुजवणे हे पिढ्यांचे काम. वीस किलोंपर्यंत भरणारे हे बी कुंडीत लावून भागत नाही. कायमच्या जागी, सावलीत, ओलसर मातीत ते अर्धे पुरायचे आणि मग उकरून पाहायचे नाही. बियातून दोरासारखा देठ निघून जमिनीखालून कित्येक फूट सरकतो आणि कोंब भलतीकडेच वर येतो. नर व मादी झाडे निराळी; फुलोऱ्याला वीस-पंचवीस वर्षे, फळ पिकायला आणखी सहा-सात. मेमध्ये भेगाळणारी आमची काळी जमीन त्याला मानवणारी नव्हेच. शिवाय सरकारी परवान्यावाचून हे बी सेशेल्सबाहेर नेता येत नाही.

हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये लावलेले एक झाड मादी निघाले. आसपास नर नाही. शेवटी परदेशातून परागकण आणून २०१३ मध्ये माणसाच्या हाताने परागीकरण केले गेले, तेव्हा कुठे त्याला फळ धरले.