कस्तुरीचे माधुर्य

भारतातल्या कोणत्याही मोठ्या शहरातील अत्तराच्या दुकानात आज कस्तुरी या नावाने जे तेल मिळते ते गोड असते. काचेच्या काडीने त्याचा एक ठिपका मनगटावर लावला की आरंभी किंचित औषधी झाक जाणवते, मग गुलाबाचा भास होतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने एक ऊबदार, मऊ, काहीसा पिठूळ गोडवा कातडीशी बिलगून राहतो. हे तेल जुन्या पद्धतीचे म्हणून विकले जाते आणि घेणाराही त्यात काही जुने, दरबारी असे शोधत असतो. मात्र त्या कुपीत कस्तुरी नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कस्तुरीमृगाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याची शिकार आणि त्याच्या कस्तुरीचा व्यापार हा भारतात गुन्हा आहे. म्हणजे आज कस्तुरीचा उल्लेख असलेले काव्य वाचणाऱ्या बहुतेकांनी मूळ कस्तुरी कधीही हुंगलेली नाही आणि जे हुंगले आहे ते दुसरेच काही आहे. प्राचीन व मध्ययुगीन साहित्याच्या वाचनात यामुळे एक गोंधळ शिरला आहे. त्याचा उलगडा करण्यासाठी कस्तुरीला गोडवा कोठून आला, याचा शोध घ्यावा लागतो.

कस्तुरी हा हिमालयात व मध्य आणि पूर्व आशियाच्या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या एका लहान, शिंगे नसलेल्या मृगाचा स्राव. फक्त नराच्या पोटाखाली, नाभी आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये, त्याची पिशवी असते. एका पिशवीतून साधारणपणे २५ ग्रॅम ऐवज निघतो. वाळल्यावर त्याचे काळपट तपकिरी कण होतात. या कणांचा निर्भेळ वास मुळीच गोड नसतो. तो उग्र, जनावरी, अमोनियाची आठवण करून देणारा आणि नाक मागे घ्यायला लावणारा असतो. तोच पदार्थ अत्यल्प प्रमाणात तेलात मुरवला आणि अंगाच्या उष्णतेने तापला म्हणजे त्याचा नूर पालटतो. तेव्हा कस्तुरीचा गोडवा द्रव्यापेक्षा मात्रेत अधिक आहे. ही मात्रा सांभाळणे हीच गंधकाराची विद्या होती.

शब्दांची वाटही वेधक आहे. संस्कृतातील ‘मुष्क’ म्हणजे वृषण. पिशवीच्या आकारावरून हा शब्द फारसीत ‘मुश्क’ होऊन गेला आणि ग्रीक-लॅटिनमार्गे युरोपच्या भाषांत पसरला, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. उलट ‘कस्तुरी’ हा शब्द ग्रीक ‘कास्तोर’शी, म्हणजे बीव्हर या प्राण्याच्या नावाशी, जोडला जातो, कारण त्याच्याही शरीरातून असाच एक गंधस्राव मिळतो. ही व्युत्पत्ती खरी असेल, तर दोन संस्कृतींनी एकाच वासासाठी एकमेकींचे शब्द उचलले असे म्हणावे लागेल. अमरकोशात मृगनाभी, मृगमद आणि कस्तुरी हे तिन्ही शब्द एकत्र येतात. मराठीने पुढे यांच्या जोडीला अरबी वळणाचा ‘जवादी’ हा शब्द घेतला. तो मांजरवर्गीय दिसणाऱ्या एका वेगळ्याच प्राण्याच्या स्रावाचा आहे. त्या प्राण्याला ‘कस्तुरी मांजर’ म्हणून लोकभाषेने हा भेद पुसट केला.

त्याच अमरकोशात ‘यक्षकर्दम’ नावाच्या उटीची घटकद्रव्ये सांगितली आहेत : कापूर, अगुरू, कस्तुरी आणि कक्कोल. कापराचा थंड तिखटपणा, अगुरूचा गडद धूर आणि कक्कोलाचा मसालेदारपणा यांच्या संगतीत कस्तुरी येते. या उटीत ती एकटी नसते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील एका योगात सोळा द्रव्ये घेऊन त्यांतील कोणतीही चार निवडायची आणि त्यांचे भाग बदलत जायचे, असे सांगून वराहमिहिर १,७४,७२० सुगंधांचा हिशेब मांडतो. गणिताचे इतिहासकार या श्लोकांकडे संयोगगणनेचे प्राचीन उदाहरण म्हणून पाहतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसावी. ज्योतिर्विदाने सुगंधाचे वर्णन उपमेने केलेले नाही, प्रमाणाने केले आहे. तेथे पाककृती हेच वर्णन आहे. आणि याच अध्यायात जायफळ, कस्तुरी व कापूर यांनी गंध ‘बोधित’ करावा, म्हणजे जागा करावा, असे म्हटले आहे. कस्तुरीच्या कार्याचे इतके नेमके वर्णन क्वचितच आढळेल. ती स्वतः पुढे न येता इतर द्रव्यांना जागे करते. नंतरच्या काळातील गंगाधर या लेखकाने ‘गंधसार’ या ग्रंथात गंधकर्माच्या सहा प्रक्रिया नोंदवल्या आहेत. त्या म्हणजे भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यांतील ‘बोध’ आणि ‘वेध’ हे शब्द तत्त्वज्ञानाच्या व योगाच्या परिभाषेतून परिचित असलेल्या वाचकाला येथे भेटतात, तेव्हा थोडे आश्चर्य वाटते. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने सुगंधाच्या कारागिरांकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके दिलेले नाही.

मग वासाचे वर्णन करणारी विशेषणे नव्हतीच काय? न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, पण त्याचे सुरभी आणि असुरभी एवढे दोनच भेद करून ते थांबले. रसाचे सहा भेद मोजणाऱ्या परंपरेने गंधाला दोनांत उरकावे, ही कंजुषी नजरेत भरते. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवाद मात्र अधिक उदार आहे. तेथे इष्ट आणि अनिष्ट या जोडीबरोबरच मधुर, कटू, निर्हारी, संहत, स्निग्ध, रूक्ष आणि विशद असे गंधाचे भेद येतात. हे शब्द सावकाश वाचण्याजोगे आहेत. ‘निर्हारी’ म्हणजे उगमापासून निघून दूरवर जाणारा. माणूस दालनातून निघून गेल्यावरही मागे राहतो तो गंध हाच. ‘संहत’ म्हणजे अनेक द्रव्ये एकजीव होऊन घट्ट झालेला. ‘स्निग्ध’ तेलासारखा, ‘विशद’ स्वच्छ व मोकळा. आजच्या कस्तुरी-तेलाचे वर्णन करायला बसलेल्याला मधुर, स्निग्ध आणि संहत या तीन शब्दांपलीकडे फारसे जावे लागणार नाही. फक्त ‘निर्हारी’ म्हणता येणार नाही, कारण तेलाचा गंध मद्यार्कात विरघळवलेल्या पाश्चात्य सुगंधासारखा दूर उडत नाही. तो जवळ येणाऱ्यालाच कळतो. मराठीजवळ दरवळणे, घमघमणे, परिमळणे अशी सुंदर क्रियापदे आहेत, परंतु ती सगळी गंधाच्या पसरण्याची आहेत. अंगाशी राहणाऱ्या गंधासाठी मराठीत एकही स्वतंत्र क्रियापद सहज सापडत नाही. ही उणीव शब्दकोशकारांनीही बोलून दाखवल्याचे दिसत नाही.

मराठी प्रदेशाचा या विद्येशी असलेला संबंध दोन ग्रंथांतून विशेष स्पष्ट होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. हा ग्रंथ मराठीचे आरंभीचे नमुने जपणारा म्हणून मराठी अभ्यासकांना ठाऊक असतो, पण त्यातच राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन आणि धूप यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. कोणत्या ऋतूत अंगाला काय लावावे याची तेथे व्यवस्था आहे. उन्हाळा चंदनाचा, तर कस्तुरी उष्ण मानली गेल्यामुळे थंडीची. सुगंध केव्हाही, कोठेही लावण्याची आजची सवय या दृष्टीने अगदी नवी आहे. जुन्या काव्यात नायिकेच्या अंगावर कस्तुरी दिसली, तर बहुधा हेमंत किंवा शिशिर असणार, हे वाचकाने गृहीत धरावे. कवीने ऋतूचे नाव न घेताही ऋतू सांगितलेला असतो.

दुसरा ग्रंथ ‘गंधवाद’. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या गंधसाराबरोबर हा निनावी ग्रंथ उजेडात आणला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याला मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ सुमारे १३५० ते १५५० या दरम्यान ठरवला. १९८९ मध्ये हे ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. मानसोल्लासही याच मालेतला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या या मालेचे मराठी वाचकावर जे ऋण आहे, त्यात हेही धरले पाहिजे. संस्कृतातील सुगंधाच्या कृती कोणीतरी मराठीत समजावून दिल्या, याचा अर्थ काय? काव्याचा आस्वाद घेणाऱ्याला अशा टीकेची गरज नसते. गरज असते ती खलात द्रव्य कुटणाऱ्याला, चुलीवर तेल चढवणाऱ्याला, वैद्याला, देवाच्या उटीची तयारी करणाऱ्याला. मराठी गद्याच्या इतिहासात महानुभावांच्या चरित्रग्रंथांना मिळालेले मोल यथार्थच आहे, परंतु हातांना उपयोगी पडण्यासाठी लिहिलेल्या या गद्याची दखल वाङ्मयेतिहासांनी फारशी घेतलेली नाही. हा अन्याय थोडा खटकणारा आहे.

तुकोबांच्या काळापर्यंत द्रव्य म्हणून कस्तुरी मराठी माणसाच्या ओळखीची होती. कस्तुरीचे रूप हीन असते आणि मोल आतल्या साराला असते, असा दाखला तुकोबा एका अभंगात देतात. हा दाखला काळे, ओबडधोबड कण डोळ्यांपुढे असल्याशिवाय सुचत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते कण ठाऊक असल्याशिवाय पटत नाही. आजचा वाचक सोनेरी तेलाची कुपी मनात आणतो. मग रूप हीन कसे, हे त्याला कळत नाही आणि तो अर्थाचा अर्धा भाग गमावून पुढे जातो. संतवाणीत आणि कबीरादिकांच्या हिंदी पदांत रानोमाळ आपलाच गंध शोधत हिंडणारा मृगही असाच. तो गंध फक्त मधुर असता, तर प्राण्याने वेडे होण्यात काही अर्थ नव्हता. त्यात मद आहे, म्हणूनच तो मृगमद.

माधुर्याकडे झुकण्याचा एक मोठा टप्पा मोगल काळात आला. त्यापूर्वीचे सुगंध बहुधा उटी, धूप आणि फुलांनी वासवलेल्या तिळांचे तेल या रूपांत असत. फुलेल हा शब्द त्याच पद्धतीची आठवण. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही खुशबूखान्याचे स्वतंत्र प्रकरण लिहून द्रव्यांच्या किमतीही दिल्या. अरगजा, अबीर, चुवा हे मराठीच्या कानाला ओळखीचे शब्द तेथे आढळतात. गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला दिले आहे. तळहातावर एक थेंब चोळला तरी सारी मजलीस जणू एकदम उमललेल्या कळ्यांनी भरून जाते, अशा आशयाचे त्याचे वर्णन आहे. पाककृतीच्या पुढे जाऊन सुगंध लावण्याचा अनुभव सांगणारे असे लेखन आपल्या इतिहाससाधनांत विरळाच. बादशहाच्या लेखणीत अतिशयोक्ती आहे, पण त्याचे नाक खरे होते.

कनौजमध्ये ही विद्या आजही जिवंत आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालायचे, तोंड मातीने लिंपायचे, बांबूच्या नळीने वाफ भपक्यात न्यायची. भपक्यात आधीच चंदनतेल ठेवलेले असते आणि वाफेतला गंध ते पिऊन घेते. चंदन स्वतः गोड, दुधाळ, सौम्य. अशा चंदनाच्या पोटात कस्तुरीचे कण महिनोन्‌महिने मुरले म्हणजे तिचा उग्रपणा निवळतो. ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून जो गोडवा आज सांगितला जातो, त्यातला मोठा वाटा कस्तुरीचा नसून या चंदनाचा आहे. चंदन महागल्यावर त्याची जागा पुष्कळ ठिकाणी पॅराफिनसारख्या निर्गंध तेलांनी घेतली. २०१४ मध्ये कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने नाव राखले. चंदनाचा प्रश्न तसाच राहिला.

दुसरा टप्पा प्रयोगशाळेतला. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करीत असताना त्याच्या हाती कस्तुरीसारख्या वासाचे एक संयुग लागले. खऱ्या कस्तुरीशी त्याचे रासायनिक नाते काहीच नव्हते. खुद्द कस्तुरीतला मुख्य गंधघटक, म्हणजे मस्कोन, १९०६ मध्ये वेगळा काढण्यात आला आणि त्याची रचना लिओपोल्ड रुझिच्का याने १९२६ मध्ये उलगडली. पुढे १९३९ च्या नोबेल पारितोषिकात त्याच्या या शाखेतील कामाचाही वाटा होता. बाउरच्या वाटेने निघालेल्या स्वस्त संयुगांनी साबण, पावडरी आणि अत्तरे भरून टाकली. त्यांचा वास स्वच्छ, गोड, पिठूळ. मद त्यांत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाच वास कस्तुरी म्हणून ऐकला-हुंगला गेल्यावर शब्दाचा अर्थच सरकला. हरणाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, यात शंका नाही.

वाचनाच्या दृष्टीने मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पेशवाईतल्या अत्तर-गुलाबाच्या समारंभापासून लग्नमंडपात कानात खोचलेल्या अत्तराच्या फायापर्यंत मराठी समाजात सुगंध लावणे ही सत्काराची आणि सान्निध्याची क्रिया राहिली आहे, आणि त्या सान्निध्यात थोडा जनावरी उष्ण अंश गृहीत असे. कस्तुरीला केवळ मधुर समजणारा वाचक जुन्या शृंगारकाव्याला सात्त्विक करून टाकतो आणि भक्तिकाव्यातील दाखल्यांना गुळगुळीत. विद्यापीठांतील टीपाकार ‘कस्तुरी : एक सुगंधी द्रव्य’ एवढे लिहून मोकळे होतात. त्या टीपेत उग्र, उष्ण, काळी, अल्प मात्रेत मधुर, हिवाळ्यात लावण्याची, एवढे शब्द वाढवायला एक ओळही लागत नाही.