घरच्या भातासाठी कणगी किंवा कोठी किती मोठी हवी?

शेणवा, किन्हवली, डोळखांब किंवा पलीकडे मुरबाडच्या सरळगाव-टोकावडे पट्ट्यात पावसाळी भात वर्षातून एकदाच घरात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-झोडणी होते आणि तेच धान्य पुढच्या कापणीपर्यंत पुरवायचे असते. कणगी लहान पडली तर उरलेला भात गोणींत, जमिनीवर राहतो आणि उंदरांच्या तोंडी जातो. फार मोठी घेतली तर ती अर्धी रिकामी राहते आणि झाकण उघडताना पावसाळ्यातली दमट हवा आत भरते. म्हणून माप पिकावरून नाही, तर घरच्या खाण्यावरून ठरवावे.

आधी वर्षाचा हिशेब

समजा, घरात रोज दीड किलो तांदूळ शिजतो. महिन्याला ४५ किलो, वर्षाला सुमारे ५४० किलो.

भरडल्यावर १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो. जुन्या पद्धतीच्या गिरणीत उतारा याहून कमी येऊ शकतो. या हिशेबाने ५४० किलो तांदळासाठी सुमारे ८३० किलो भात लागतो.

रेशनवर मिळणारा तांदूळ यातून वजा करावा. महिन्याला १० किलो मिळत असेल, तर वर्षाचा भात सुमारे १८५ किलोने कमी लागतो. लग्नकार्य, सणवार आणि पाहुण्यांसाठी थोडी भर धरावी.

आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा व्यापाऱ्याला विकायचा भात या हिशेबात धरू नये. तो थोडेच दिवस घरात असतो. कोरड्या जागी, फळ्यांवर गोण्या रचून ठेवला तरी चालतो.

किलोवरून माप कसे काढायचे?

खंडी-मणाची मापे गावागणिक बदलतात. त्यामुळे फूट आणि किलो वापरणे सोपे. एक घनफूट जागेत साधारण १६ किलो भात मावतो. गोल कणगीसाठी सूत्र असे:

व्यास × व्यास × उंची × ०.७८५ = घनफूट

* व्यास ३ फूट, उंची साडेचार फूट: सुमारे ५१० किलो
* व्यास साडेतीन फूट, उंची ५ फूट: सुमारे ७७० किलो
* व्यास ४ फूट, उंची ५ फूट: सुमारे १,००० किलो

चौकोनी कोठीसाठी लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला १६ ने गुणावे. वर दहावा भाग जागा मोकळी धरावी. म्हणजे ८३० किलोसाठी ९०० किलोच्या थोडी वरची कोठी हवी.

एक मोठी की दोन मध्यम?

बहुतेक घरांना दोन मध्यम कोठ्या सोयीच्या पडतात. पहिलीतला भात हिवाळा-उन्हाळ्यात वापरायचा. दुसरी भरून बंद करायची आणि पावसाळ्याच्या तोंडावरच उघडायची. जुलै ते सप्टेंबर हे सर्वांत दमट महिने आणि नवा भात यायला अजून अवकाश, त्यामुळे नेमका तेव्हाचा साठा खराब झाला तर तांदूळ विकत घ्यावा लागतो. एका कोठीत कीड लागली तरी दुसरी वाचते.

पत्र्याची कोठी घेण्यापूर्वी दार मोजावे. ३ फूट व्यासाची कोठी त्याहून अरुंद दारातून आडवी करूनही आत जात नाही.

कणगी की पत्रा?

बांबूची, शेणमातीने लिंपलेली कणगी थोडी हवा खेळू देते, पण उंदीर ती कुरतडतात. ती जमिनीपासून उंच, दगडांवर किंवा लाकडी माचावर ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा लिंपावी. पत्र्याच्या कोठीत उंदीर शिरत नाही. मात्र भात ओलसर असेल तर आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. त्यामुळे भात कडक वाळवून, थंड झाल्यावरच भरावा. साठवणीच्या भातात ओलावा १४ टक्क्यांहून जास्त नसावा. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर तो वाळला असे समजतात.

साठवण भाताचीच करावी. तूस दाण्याचे किडीपासून बरेच रक्षण करते, म्हणून महिना-दीड महिन्यापुरताच भात भरडून आणावा.

बियाणे वेगळे

लावणीसाठी एकरी साधारण १५ ते २० किलो बी लागते. ते खाण्याच्या भातात मिसळू नये. अधिक वाळवून, लहान घट्ट झाकणाच्या डब्यात, वाणाचे नाव लिहून ठेवावे. कर्जत-३ सारख्या सुधारित वाणाचे बी घरी राखता येते. सह्याद्रीसारख्या संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते, त्यासाठी डबा अडवू नये.