दातांचा डॉक्टर कोणी व्हायचे? प्रवेशाच्या नियमांची शंभर वर्षे

रूट कॅनालच्या शेवटच्या बैठकीला आलेल्या एका ताईंनी खुर्चीतून उठल्याबरोबर मोबाईल माझ्यापुढे धरला. मुलीचा नीटचा निकाल होता, ७२० पैकी २३१ गुण. "साहेब, पन्नास टक्के लागतात ना? पोरगी नापासच झाली. एक जण म्हणतो, पाच लाख आधी द्या, मॅनेजमेंट कोट्यातून बीडीएसची सीट पक्की करून देतो. देऊ का?"

मी "देऊ नका" म्हणालो. पण का देऊ नका, हे दारात उभ्या उभ्या सांगता आले नाही. त्यांना जो नियम उलटा कळला होता त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो रुग्णांनाही माहीत असावा. तुमच्या तोंडात ड्रिल घालणारा माणूस कुठल्या चाळणीतून आला, हे त्यात आहे.

माझी आजी सांगायची, आठवडे बाजारात दात काढणारा फडके अंथरून बसायचा आणि आधी काढलेले दात त्यावर मांडून ठेवायचा. तीच त्याची पदवी. तेव्हा रीतसर शिकायचे म्हटले तरी सोय नव्हती. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा उभा करायला त्यांनी चक्क आइस्क्रीम-सोड्याचे दुकान चालवले, असे सांगतात. (दातांच्या डॉक्टरने आइस्क्रीम विकावे, यावर आम्ही मंडळी अजून हसतो.) मुंबईत १९२३ मध्ये दवाखाना उघडणाऱ्या फातिमा जिना यांनाही शिकायला कलकत्त्यालाच जावे लागले होते. मुंबईत नायरचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले.

शिकलेले मूठभर आणि न शिकता काम करणारे भरपूर, अशा अवस्थेत १९४८ चा दंतवैद्यक कायदा आला. त्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण कायद्याच्या आधी किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमधल्या दंतवैद्यांसाठीही पुढे त्यात जागा केली गेली. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. अनुभवी माणसांचे पोट मारले नाही, पण त्यांच्यामागे दार लावून घेतले. नंतर येणाऱ्याला महाविद्यालयातूनच यावे लागणार होते. मग महाविद्यालयात कोणाला घ्यायचे, हा प्रश्न उभा राहिला.

बरीच वर्षे त्याचे उत्तर होते बारावीचे गुण. जागा फार थोड्या. १९६८ मध्ये नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय निघाले, औरंगाबादला त्यानंतर. १९८० च्या दशकात खासगी महाविद्यालये वाढू लागली आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरांत पोचला. राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घेण्याविरुद्ध कायदा केला. म्हणजे त्या ताईंकडे मागितलेली ठरलेल्या शुल्काबाहेरची रक्कम तेव्हापासून बेकायदा आहे.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. राज्यात वैद्यकीय आणि दंत प्रवेशासाठी ७०:३० चे सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. जळगाव, धुळे, नंदुरबार 'उर्वरित'मध्ये, म्हणजे पुण्या-मुंबईच्या रांगेत. विभाग ठरायचा बारावी कुठून केली त्यावरून. भुसावळ-नागपूर रेल्वेमार्गावर बोदवड आणि मलकापूर किती जवळ आहेत पाहा. मलकापूरचा मुलगा विदर्भाचा, नागपूरच्या ७० टक्क्यांत. बोदवडचा मुलगा मुंबईच्या रांगेत. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढला की औरंगाबाद दीडशे-एकशे साठ किलोमीटर, पण फर्दापूरपाशी मराठवाडा सुरू व्हायचा आणि त्या महाविद्यालयाच्या बहुतेक जागा आपल्या हाताबाहेर जायच्या. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले, तेही मुख्यतः मराठवाड्याच्या तक्रारीमुळे. त्यांच्याकडे महाविद्यालयेच कमी, तेव्हा तेही चुकीचे बोलत नव्हते. आपल्याकडून त्याबद्दल फारशी ओरड झाल्याचे मला तरी आठवत नाही.

या काळात परीक्षाही बदलत गेल्या. १९९९ पासून बारावीच्या गुणांऐवजी एमएच-सीईटी आली. खासगी महाविद्यालयांच्या संघटनेची पुढे वेगळी सीईटी होती, म्हणजे दोन अर्ज, दोन फिया. २०१३ मध्ये देशभरासाठी नीट झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, तेव्हा महाराष्ट्राची सीईटी तोंडावर आली होती. मे महिन्यात केंद्राने अध्यादेश काढून राज्यांच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिली. त्या उन्हाळ्यात राज्य मंडळाची पुस्तके बाजूला ठेवून एनसीईआरटीची शोधणारे पालक मी पाहिले आहेत. २०१७ पासून मात्र नीटच, आणि त्या वर्षी ती मराठीतूनही देता आली.

त्या ताईंचा घोटाळा इथेच होता. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, राखीव गटाला ४०. नीटला लागतात ५० पर्सेंटाइल, राखीव गटाला ४०. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असलात की ५० पर्सेंटाइल झाले. २०२३ मध्ये खुल्या गटासाठी ही रेषा ७२० पैकी १३७ गुणांवर होती. बीडीएसच्या सात हजारांहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती १० पर्सेंटाइलने खालीही आणायला लावली होती. २३१ गुणांची मुलगी पात्र होती. पात्र म्हणजे जागा मिळालीच असे नाही, पण नापास खचित नव्हे. आणि ज्याला तो माणूस मॅनेजमेंट कोटा म्हणत होता, त्या संस्थात्मक कोट्यातही नीटशिवाय प्रवेश होत नाही. शुल्क जास्त असते, इतकेच.

पुढच्या तपासणीला ताई फाईल घेऊनच आल्या. बारावी अमळनेरची. दहावीची गुणपत्रिका पाहिली आणि मी थांबलो. ती सुरतची होती. वडील तिथे लूमवर कामाला, घर उधन्याला, अकरावीला मुलगी आजीकडे आलेली. आपल्याकडे अशी शेकडो घरे आहेत. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. सवलत आहे ती सरकारी आणि सैन्यातल्या नोकरदारांच्या मुलांसारख्या ठरावीक गटांना, लूम कामगाराच्या मुलीला नाही. पाच लाख मागणाऱ्याने ही गुणपत्रिका पाहिलीही नव्हती.

मग आम्ही सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडली. अखिल भारतीय १५ टक्क्यांत इतक्या गुणांवर शासकीय महाविद्यालय मिळणे अवघड, संस्थात्मक कोटा खुला पण महाग. गुजरातचे नियम वेगळे वाचायला हवे होते. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले आकडे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. धाकटा मुलगा तेव्हा सुरतलाच नववीत होता. "त्याला दहावीला इकडे आणते," म्हणाल्या आणि दाखल्याची तारीख विचारून गेल्या.