माशाचा डोळा सुजलाय किंवा पांढरा झालाय? मरीन टँकमध्ये औषध टाकण्याआधी हे वाचा

सकाळी टँकचा लाइट लागतो आणि दिसतं की क्लाउनफिशचा एक डोळा बाहेर आलाय. किंवा डोळ्यावर दुधासारखा पडदा आलाय. अशा वेळी आपण काय करतो? सर्च करतो, पहिलं दिसेल ते औषध मागवतो आणि टँकमध्ये ओततो.

मीही हेच केलं होतं. माझ्या 120 लिटरच्या टँकमधल्या क्लाउनफिशचा एक डोळा सुजला होता. मी मेन टँकमध्येच अँटिबायोटिक टाकलं. तिसऱ्या दिवशी अमोनिया वर गेला आणि रॉयल ग्रामा आणि दोन श्रिंप मेले. क्लाउनफिश मात्र ठणठणीत. त्याला बहुतेक दगडाचा मार लागला होता, तो औषधाशिवायही बरा झाला असता. थोडक्यात, मी टेस्ट न करता थेट प्रोडक्शनवर कोड टाकला होता.

आधी डोळा समजून घेऊ. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चोवीस तास पाण्यातच असतो. पाणी बिघडलं किंवा खरचटलं की तो गढूळ होतो. डोळ्याच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, जे रेटिनाला भरपूर ऑक्सिजन पुरवतं. तिथे द्रव किंवा वायू साठला की डोळा बाहेर ढकलला जातो. याला पॉपआय म्हणतात. पॉपआय हा रोग नाही, ते फक्त लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असं नसतं, तसंच हे.

फोनने नीट बघा

पहिला प्रश्न: एक डोळा की दोन्ही? एकच असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो. जाळीने पकडताना, दगडावर आपटून किंवा दुसऱ्या माशाने चावल्यामुळे. दोन्ही डोळे एकदम सुजले तर शरीरात इन्फेक्शन किंवा पाण्यात गडबड असण्याची शक्यता जास्त. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करायची.

दुसरा प्रश्न: पांढरेपणा नेमका कुठे आहे? वरच्या पडद्यावर, आतल्या भिंगात, की डोळा स्वच्छ आहे पण बाहेर आलाय? नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, फोनने कळतं. पंप पाच-दहा मिनिटं बंद करा. खोलीतले दिवे घालवा. रीफ लाइट निळा असेल तर पांढऱ्यावर आणा, नाहीतर सगळा फोटो निळा येईल. फोन काचेला सरळ टेकवा, तिरका नको. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक फ्रेम बघा. दुसऱ्याला बाजूने टॉर्च धरायला सांगा: पडद्यावरचा ढग लगेच उजळतो, भिंगातला मोतीबिंदू आत गोल गोळीसारखा दिसतो. सूज मोजायला वरून किंवा समोरून शूट करा, म्हणजे दोन्ही डोळ्यांची तुलना होते. रोज त्याच कोनातून एक क्लिप ठेवा. तीन दिवसांनी फरक पडलाय की नाही ते आठवणीवर सोडू नका.

एक गंमत: काही पफर माशांचे डोळे मुळातच हिरवट चमकतात. तो आजार नाही, उगाच घाबरू नका.

मग पाणी तपासा

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. क्षारता 1.025 ते 1.026, पीएच 8.1 ते 8.4, तापमान 25 ते 26 अंश. रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या सोल्यूशनने कॅलिब्रेट करा, आरओच्या पाण्याने केलेलं कॅलिब्रेशन खाऱ्या पाण्याच्या रीडिंगला चुकू शकतं. आणि टेस्ट किटच्या रंगाचा फोटो काढून ग्रुपवर विचारत बसू नका. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स रंग बदलतो, त्यामुळे हिरवा पिवळा दिसू शकतो. दिवसाच्या उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

काही बिघडलं असेल तर 20 ते 25 टक्के पाणी बदला. नवीन पाण्याची क्षारता आणि तापमान जुळवूनच. हलका पांढरेपणा बऱ्याचदा एवढ्यानेच काही दिवसांत उतरतो.

डोळ्यात बारीक बुडबुडे दिसतायत आणि टँकभर पण सूक्ष्म बुडबुडे आहेत? मग पंप तपासा. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला पाइप सैल असेल तर तो हवा खेचतो आणि दाबाखाली पाण्यात विरघळवतो. तो जास्तीचा वायू माशाच्या शरीरात बुडबुडे करतो. इथे अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही, पाइपची जोडणी घट्ट करा. सुईने बुडबुडा फोडायचे व्हिडिओ फिरतात. घरी ते अजिबात करू नका, डोळा जाईल.

औषध द्यायचं तर वेगळ्या टँकमध्ये

अँटिबायोटिक फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरिया मारू शकतं, आणि तांब्याची औषधं कोरल-श्रिंप मारतात. म्हणून हॉस्पिटल टँक हवाच. 45 बाय 30 सेंटिमीटरचा टँक 25 सेंटिमीटर भरला तर साधारण 34 लिटर पाणी होतं. हीटर, एअरस्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बस्स. वाळू नको, दगड नको. कार्बन आणि यूव्ही बंद, कारण कार्बन औषध शोषून घेतो आणि यूव्हीमुळे काही औषधं निकामी होतात. अमोनिया रोज तपासा, कारण इथे फिल्टर तयार नसतो.

पण मासा खातोय, एकच डोळा सुजलाय आणि कोणी त्रास देत नाहीये, तर त्याला पकडूच नका. पकडण्याचा ताण त्या सुजेपेक्षा वाईट.

सूज वाढतेय? हॉस्पिटल टँकमध्ये एप्सम सॉल्ट वापरतात. छंदी लोकांमधलं रूढ प्रमाण 20 लिटरला एक मोठा सपाट चमचा, म्हणजे 15 मिली. आधी कपभर पाण्यात विरघळवा. सुगंधी बाथ सॉल्ट चालणार नाही. पाणी नुसतं उडून गेलं असेल तर फक्त आरओचं पाणी घाला. पाणी बदललं तर बदललेल्या लिटरपुरतंच सॉल्ट घाला. याने सूज उतरायला मदत होते, बॅक्टेरिया मरत नाहीत.

पडदा पांढरा आहे आणि मासा दगडाला अंग घासतोय, तर फ्लूक या परजीवीचा संशय घ्या. खाऱ्या पाण्यात तो पारदर्शक असतो, म्हणून दिसत नाही. पक्कं करायला गोड्या पाण्यात बुडवणी करतात: क्लोरीन काढलेलं पाणी, तापमान तेच, खायच्या सोड्याने पीएच जुळवलेला, हवा चालू, जास्तीत जास्त पाच मिनिटं. टब काळा घ्या. फ्लूक पांढरे होऊन गळतात आणि काळ्या तळावर लगेच दिसतात. नजर हटवू नका, मासा लोळला तर ताबडतोब बाहेर काढा. धापा टाकणाऱ्या माशाला हा प्रयोग नकोच. फ्लूक दिसले तर प्राझिक्वांटेल, लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून 5 ते 7 दिवसांनी दुसरा डोस. आणि टँकमधल्या सगळ्याच माशांना द्या, एकट्याला नाही.

दोन्ही डोळे सुजलेत, अंगावर लाल चट्टे आहेत, खाणं बंद आहे: हे बॅक्टेरियल इन्फेक्शन असू शकतं, बऱ्याचदा व्हिब्रिओसारखे जंतू. इथे अँटिबायोटिक लागतं, पण मेडिकलमधली माणसांची कॅप्सूल फोडून नाही. पशुवैद्यकाला विचारा आणि तुमचे व्हिडिओ, पाण्याचे आकडे सोबत न्या.

भिंगातल्या मोतीबिंदूवर घरगुती औषध नाही. खाद्य मात्र सुधारा: फक्त कोरड्या गोळ्यांऐवजी मायसिस, थोडं नोरी, विटॅमिनमध्ये भिजवलेलं खाद्य.

कधी कधी डोळा वाचत नाही. तरी मासा वाचतो. कॅनडातल्या व्हँकूव्हर अ‍ॅक्वेरियममध्ये डोळा काढावा लागलेल्या रॉकफिशला कृत्रिम डोळा बसवला होता, कारण आंधळ्या बाजूने दुसरे मासे त्रास देत होते. घरी आपण तेवढं करणार नाही, पण खाद्य चांगल्या डोळ्याच्या बाजूने आणि रोज एकाच जागी टाका. वास ओळखून तो काही दिवसांत तिथे यायला लागतो.